सिरिंज प्रत्येकाची वेगळी, पण चमचा आणि पाणी एकच: एचआयव्हीचा धोका किती?

प्रश्न – सावली

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाविषयी विचारायचे आहे. तो हेरॉइन शिरेत टोचून घेतो, हे त्याने अलीकडेच आपणहून मला सांगितले. घरात अजून दुसऱ्या कोणाला हे ठाऊक नाही. मी एचआयव्हीचा विषय काढला तेव्हा तो ठामपणे म्हणाला, "ताई, माझी सिरिंज मी कुणाला देत नाही आणि कुणाची घेतही नाही, त्यामुळे ती काळजी तू करू नकोस." मात्र जरा खोदून विचारल्यावर कळले की तिघे मित्र मिळून माल विकत घेतात, तो एकाच चमच्यात पाणी घालून विरघळवतात, त्यात कापसाचा एकच बोळा टाकतात, त्यातून जो तो आपापल्या सिरिंजमध्ये ओढून घेतो आणि नंतर सिरिंजा धुण्यासाठी पाण्याचा पेलाही एकच असतो.

सुई वेगळी असूनही अशा पद्धतीत संसर्ग होऊ शकतो का? त्याने गेल्या महिन्यात एचआयव्हीची चाचणी करून घेतली, ती निगेटिव्ह आली आणि तो कागद तो प्रमाणपत्रासारखा दाखवतो. त्यावर किती विसंबावे? आणि ज्या प्रश्नाने माझी झोप उडाली आहे तो असा की, नशा सोडायला तो आज तयार नाही, हे मला स्पष्ट दिसत असताना मी त्याला नव्या सिरिंजा मिळवून देण्यात मदत केली, तर ती त्याच्या व्यसनालाच मदत ठरेल का? कृपया उपदेश नको, माहिती हवी आहे.

प्रतिसाद – आरोग्यसेवक

सावलीताई, मी टोचून नशा करणाऱ्यांसाठी चालणाऱ्या केंद्रात समुपदेशक म्हणून काम करतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर "होऊ शकतो" असे आहे आणि ते का, हे समजले तर भावाशी बोलणे सोपे जाईल.

सुई शिरेत नीट गेली आहे की नाही हे पाहण्यासाठी टोचणारा माणूस दट्ट्या किंचित मागे ओढतो आणि नळीत रक्ताची रेघ येते. म्हणजे एकदा वापरलेल्या प्रत्येक सिरिंजमध्ये रक्त असतेच, ते डोळ्यांना दिसो वा न दिसो. हीच सिरिंज पुढच्या वेळी चमच्यातल्या द्रावणात बुडवली, की त्या रक्ताचा अंश चमच्यात, कापसात आणि धुण्याच्या पाण्यात उतरतो, आणि तिथून दुसऱ्याच्या कोऱ्या सिरिंजमध्येही चढू शकतो. तुमचा भाऊ खोटे बोलत नाही. त्याच्या लेखी वाटून घेणे म्हणजे फक्त सुई वाटून घेणे. विषाणूच्या दृष्टीने मात्र चमचा, बोळा, पेला आणि सुई हे सगळे एकाच रक्ताच्या वाटेवरचे टप्पे आहेत. एकाने आपल्या सिरिंजमध्ये द्रावण भरून ते दुसऱ्याच्या सिरिंजमध्ये मोजून सोडणे, हीसुद्धा मालाची वाटणी करण्याची रूढ पद्धत आहे आणि तिच्यातही तोच धोका असतो.

आकडे सांगायचे तर, एचआयव्ही असलेल्या व्यक्तीने वापरलेली सुई वापरल्यास एका वेळी संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत ६३ इतकी धरली जाते. रुग्णालयात कर्मचाऱ्याला चुकून सुई टोचली तर हीच शक्यता दहा हजारांत सुमारे २३ असते. ६३ हा आकडा ऐकून काहींना धीर येतो, पण तो एका वेळेचा आहे. हेरॉइन घेणारा माणूस दिवसातून तीन-चार वेळा टोचतो आणि कोकेनसारख्या अल्पकाळ टिकणाऱ्या उत्तेजक द्रव्यांत तर ही संख्या त्याहून पुष्कळ वाढते. चमचा आणि पाण्यातून होणारा धोका वापरलेल्या सुईपेक्षा कमी असतो. पण तो रोज, अनेकदा पत्करला जातो आणि सुई वेगळी आहे या समाधानापोटी कोणी तो मोजतच नाही.

शरीराबाहेर एचआयव्ही लगेच मरतो, ही समजूतही इथे दगा देते. उघड्यावर सांडलेल्या, वाळलेल्या रक्ताच्या बाबतीत ती बरीचशी खरी आहे, परंतु सिरिंजच्या बंद नळीत, तापमान अनुकूल असेल तर, तो ४२ दिवसांपर्यंत जिवंत राहिल्याचे प्रयोगांत दिसले आहे. यकृताला आजारी पाडणारा हेपटायटिस सी हा विषाणू तर ६३ दिवसांपर्यंत टिकलेला आढळला आहे. सिरिंजच्या बनावटीनेही फरक पडतो. ज्या सिरिंजची सुई काढता-घालता येते तिच्यात दट्ट्या पूर्ण दाबल्यावरही सुमारे ८४ मायक्रोलिटर द्रव अडकून राहतो, तर इन्सुलिनच्या सुई-जोडलेल्या सिरिंजमध्ये तो जेमतेम २ मायक्रोलिटर असतो. म्हणून दुसऱ्या प्रकारची सिरिंज अधिक चांगली. पण ती दुसऱ्याची वापरण्याइतकी सुरक्षित असते, असा याचा अर्थ मुळीच नाही.

साध्या पाण्याने खळबळून घेतल्याने किंवा स्पिरिटचा बोळा फिरवल्याने सिरिंज निर्जंतुक होत नाही. ब्लीचने संसर्गाचा धोका कमी होतो, पण सिरिंज निर्जंतुक होते अशी खात्री देता येत नाही. नवी सिरिंज मिळणे अगदीच अशक्य असेल तेव्हाचा तो शेवटचा उपाय आहे. प्रत्येक वेळी नवी सिरिंज, आणि प्रत्येकाचा स्वतंत्र चमचा, स्वतंत्र बोळा व स्वतंत्र पाणी, हीच खरी काळजी. मालाची वाटणी करायचीच असेल, तर ती पूड कोरडी असतानाच करावी, म्हणजे पुढचे सगळे आपोआप वेगळे होते.

प्रतिसाद – जुना वाटसरू

मी या वाटेवरून गेलेला माणूस आहे. आता बरीच वर्षे मेथाडोनवर, म्हणजे हेरॉइनऐवजी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायच्या औषधावर, स्थिर आहे आणि नोकरी करतो. वरचा प्रतिसाद शास्त्राच्या दृष्टीने बिनचूक आहे, परंतु प्रत्यक्षात हे सगळे कसे बिघडते तेही ताईंना कळायला हवे.

धोका ठाऊक नसतो म्हणून आम्ही एकमेकांची सुई वापरत होतो, असे क्वचितच घडायचे. टर्की लागलेली असते, म्हणजे अंग मोडून आलेले असते, नाक-डोळे गळत असतात, पोटात पिळवटत असते, समोर माल तयार असतो आणि आपली सिरिंज तुंबलेली असते. त्या क्षणी नवी सिरिंज अर्ध्या तासाच्या अंतरावर असेल, तर ती नसल्यातच जमा. खिशात सिरिंज सापडली की पोलीस धरतील या भीतीने कोणी जवळ बाळगत नाही, मग ती कुठेतरी फटीत, आडोशाला लपवली जाते आणि तिथे दुसऱ्यांच्याही लपवलेल्या असतात. सगळ्यांवर त्याच रंगाची टोपणे. मंद उजेडात, थरथरत्या हातांनी उचललेली सिरिंज आपलीच आहे असे छातीठोकपणे कोण सांगणार? म्हणूनच काही ठिकाणी आता वेगवेगळ्या रंगांच्या दट्ट्यांच्या सिरिंजा देतात, म्हणजे चुकून अदलाबदल होत नाही. तुमच्या भावाला निदान एवढे सांगा, की सिरिंजवर खूण करायची आणि गरजेपेक्षा चार जास्त जवळ ठेवायच्या.

दुसरी गोष्ट क्रमाची. ज्याने पैसे जास्त घातले तो आधी घेतो आणि ज्याची पत कमी तो शेवटी. सामान वाटून घेतले जात असेल, तर शेवटी घेणाऱ्याच्या वाट्याला आधीच्या सगळ्यांचे रक्त येते. बायकांच्या बाबतीत हे मी फार जवळून पाहिले आहे. अनेकींना स्वतःला टोचता येत नाही. जोडीदार आधी स्वतःला टोचतो आणि मग तिला, पुष्कळदा त्याच सिरिंजने. त्याला नको म्हणणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे, असा त्याचा अर्थ लावला जातो. "आमच्यात आहेच काय लपवण्यासारखे", या एका वाक्यावर मी पुष्कळ संसार आजारी पडलेले पाहिले.

तेव्हा भावाला "वाटून घेऊ नकोस" एवढेच सांगून भागणार नाही. टर्की लागण्याच्या आधी त्याच्याजवळ काय असते, हा खरा प्रश्न आहे.

प्रतिसाद – प्रयोगशाळेतून

चाचणीविषयी थोडक्यात. संसर्ग झाल्यापासून तो चाचणीत दिसेपर्यंत काही काळ जातो. प्रयोगशाळेत शिरेतील रक्तावर होणारी प्रतिजन-प्रतिपिंड चाचणी (विषाणूचा अंश आणि त्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने, दोन्ही शोधणारी) साधारणपणे १८ ते ४५ दिवसांनी संसर्ग पकडते. केवळ प्रतिपिंड शोधणाऱ्या झटपट चाचण्यांना २३ ते ९० दिवस लागू शकतात. विषाणूचे जनुकीय द्रव्य थेट शोधणारी चाचणी १० ते ३३ दिवसांत सांगू शकते, पण ती महाग असते. म्हणजे भावाची गेल्या महिन्यातील निगेटिव्ह चाचणी फार तर त्याच्या आधीच्या काही आठवड्यांपूर्वीच्या स्थितीबद्दल बोलते. तेव्हापासून तो त्याच चमच्यातून घेत असेल, तर आजच्या स्थितीबद्दल ती काहीच सांगत नाही.

यात एक पेच आहे. नव्याने संसर्ग झालेल्या माणसाच्या रक्तात पहिल्या काही आठवड्यांत विषाणूंची संख्या प्रचंड असते, आणि नेमक्या याच काळात चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. साध्या तापासारखी लक्षणे येऊन जातात, काहींना तीही जाणवत नाहीत. त्यामुळे "आम्ही तिघांनी चाचणी केली आहे, तिघेही निगेटिव्ह आहोत, मग आपापसात चालते" हा हिशेब सर्वांत फसवा. धोका चालू असेपर्यंत दर तीन महिन्यांनी चाचणी करावी. सोबत हेपटायटिस बी आणि सी याही चाचण्या कराव्यात, कारण या वाटेने हेपटायटिस सी एचआयव्हीपेक्षा कितीतरी सहज पसरतो. बी साठी लस आहे, ती भावाने जरूर घ्यावी. सी साठी लस नाही, मात्र ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरांतले पंच्याण्णवांहून अधिक रुग्ण पूर्ण बरे होतात.

प्रतिसाद – शंकेखोर

माफ करा, पण मला हे सगळे पटत नाही. एकीकडे व्यसन वाईट म्हणायचे आणि दुसरीकडे सिरिंजा हातात द्यायच्या, यातून तरुणांना काय संदेश जातो? सिरिंज सहज मिळाली नाही तर टोचणेही कमी होईल, असे मला वाटते. ताईंनी भावाला थेट बंदिस्त व्यसनमुक्ती केंद्रात का ठेवू नये?

प्रतिसाद – आरोग्यसेवक

शंका रास्त आहे आणि ती अनेक सरकारांनाही पडली होती. सिरिंज दुर्मीळ केल्यावर काय होते, हे प्रत्यक्ष पाहायला मिळाले आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला स्कॉटलंडमधील एडिंबरा शहरात पोलीस सिरिंजा जप्त करू लागले आणि त्यांची विक्रीही आटली. टोचणे थांबले नाही. एकेक सिरिंज अनेकांच्या हातांतून फिरू लागली. १९८६ मध्ये तेथील एका दवाखान्याच्या पाहणीत हेरॉइन टोचणाऱ्यांपैकी निम्म्यांना एचआयव्हीचा संसर्ग झालेला आढळला. त्याच देशात, थोड्याच अंतरावर असलेल्या ग्लासगोमध्ये हे प्रमाण तेव्हा फारच कमी होते.

हे जुने वाटत असेल, तर अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या स्कॉट काउंटीकडे पाहा. या ग्रामीण भागात वर्षाला एचआयव्हीचे पाचसुद्धा नवे रुग्ण सापडत नसत. तिथे ऑक्सिमॉर्फोन या वेदनाशामक गोळ्या विरघळवून टोचण्याचे प्रमाण वाढले. राज्याच्या कायद्याने सिरिंज-वाटप केंद्रांना मनाई होती. २०१५ मध्ये साथ उघडकीस आली आणि अखेर रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. त्यांतल्या बहुतेकांना हेपटायटिस सी सुद्धा होता. मग आणीबाणी जाहीर करून सिरिंजा वाटण्याची परवानगी द्यावी लागली. जी गोष्ट आधी देता आली असती ती साथ पसरल्यावर दिली, एवढाच काय तो फरक.

याउलट ॲमस्टरडॅममध्ये १९८४ मध्येच नशा करणाऱ्यांच्या संघटनेच्या पुढाकाराने जुन्या सिरिंजच्या बदल्यात नवी देणे सुरू झाले, आणि तेही हेपटायटिस बी रोखण्यासाठी. त्यानंतर कितीतरी देशांत अशी केंद्रे निघाली आणि त्यांच्यामुळे टोचणाऱ्यांची संख्या वाढली असे अभ्यासांतून दिसलेले नाही. आमचा अनुभव असा, की सिरिंज घ्यायला आलेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला हातावरची गळवे दाखवतो, चाचणी करून घेतो आणि कधीतरी, सहसा आम्ही विचारायच्या आधीच, सोडण्याविषयी विचारतो. ज्या दारावर त्याला प्रवचन ऐकावे लागते तिथे तो पुन्हा येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने टोचणाऱ्या दर व्यक्तीमागे वर्षाला ३०० सुया-सिरिंजांचे लक्ष्य ठेवले आहे. दिवसाला तीन-चार वेळा टोचणाऱ्याला ते पुरणारे नाही, तरीही बहुतांश ठिकाणी पुरवठा त्याच्या आसपासही पोहोचत नाही.

जबरदस्तीने कोंडून ठेवण्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: करू नये. कोंडलेल्या काळात शरीराची हेरॉइन पचवण्याची सवय ओसरते, आतली ओढ मात्र तशीच राहते, आणि बाहेर पडल्यावर जुन्याच मात्रेने जीव जातो. उपचार स्वेच्छेने आणि दीर्घकाळ चालणारे असले तर गोष्ट निराळी. मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन ही औषधे तोंडावाटे अथवा जिभेखाली घ्यायची असतात. त्यांनी टर्की लागत नाही, तलफ मंदावते आणि टोचण्याची गरजच कमी होते. ही दोन्ही औषधे २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, आणि अशा उपचारावर असलेल्यांत एचआयव्हीचा नवा संसर्ग सुमारे निम्म्याने कमी आढळतो. एका नशेच्या जागी दुसरी नशा, असे म्हणून त्यांना नाकारणारे लोक भेटतात. त्यांनी वर लिहिणाऱ्या वाटसरूंचा प्रतिसाद पुन्हा वाचावा.

प्रतिसाद – सावली

सर्वांचे मनापासून आभार. काल भावाला हा धागा वाचायला दिला. पूड कोरडी असताना वाटून घेण्याची गोष्ट त्याला लगेच पटली; "हे कुणी आधी सांगितलेच नाही" म्हणाला. मेथाडोनविषयी मात्र तो गप्प राहिला, आणि मीही ताणले नाही. आणखी दोन गोष्टी विचारते. एचआयव्ही होऊ नये म्हणून रोज घ्यायची गोळी असते असे ऐकले, ती याच्यासाठी उपयोगी आहे का? आणि समजा, चाचणी पॉझिटिव्ह आलीच, तर नशा सुटेपर्यंत उपचार मिळत नाहीत, हे खरे आहे का?

प्रतिसाद – एक वैद्य

ताई, त्या गोळीला प्रेप म्हणतात. बँकॉकमध्ये टोचून नशा करणाऱ्या २,४१३ व्यक्तींवर झालेल्या चाचणीत प्रेप म्हणून रोज टेनोफोविर हे औषध घेणाऱ्यांत संसर्ग ४८.९ टक्क्यांनी कमी आढळला, आणि नियमित घेणाऱ्यांत त्याहून अधिक. त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे उपयोग आहे, पण गोळी रोज घ्यावी लागते. काही पुरुषांना लैंगिक संबंधाच्या आधी-नंतर मोजक्या गोळ्या घेण्याची पद्धत सांगितली जाते, ती सुईच्या धोक्यासाठी चालत नाही. पूर्ण संरक्षण तयार व्हायला सुमारे २१ दिवस लागतात. प्रेपने हेपटायटिस सी, गळवे किंवा हृदयाच्या झडपांचा जंतुसंसर्ग टळत नाही, म्हणून नव्या सिरिंजची गरज कायम राहते. दुसऱ्याची सिरिंज वापरली गेली असे एखाद्या दिवशी लक्षात आले, तर पेप नावाचा उपचार ७२ तासांच्या आत, आणि जमल्यास काही तासांतच, सुरू करून २८ दिवस पूर्ण करावा लागतो. त्या वेळी लाजेने गेलेला एक दिवससुद्धा महागात पडतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर: नाही. एचआयव्हीचे उपचार सुरू करण्यासाठी नशा सुटलेली असण्याची अट वैद्यकीय मार्गदर्शनात कुठेही नाही; निदान होताच औषधे सुरू करावीत, असेच सांगितले जाते. एखाद्या डॉक्टरने "आधी सोडून ये, मग पाहू" म्हटले, तर दुसरा डॉक्टर शोधावा. औषधे नियमित घेऊन रक्तातील विषाणू चाचणीत सापडणार नाहीत इतके कमी झाले, की लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही, हे सिद्ध झाले आहे. सुई वाटून घेण्याबाबत तेवढे भक्कम आश्वासन देता येत नाही.

भाऊ पुढे मेथाडोन घेऊ लागला, तर डॉक्टरांना सगळी औषधे मोकळेपणाने सांगायला हवीत. एचआयव्हीवरील एफाविरेन्झ व नेव्हिरापीन आणि क्षयरोगावरील रिफाम्पिसिन ही औषधे मेथाडोनची रक्तातील पातळी खाली आणतात. रुग्णाला पुन्हा टर्की लागते, हे एचआयव्हीच्या गोळ्यांमुळे झाले असे त्याला वाटते, आणि तो गोळ्या तरी सोडतो किंवा पुन्हा टोचायला तरी लागतो. हे मी वारंवार पाहिले आहे. मेथाडोनची मात्रा वाढवून हा त्रास टाळता येतो, आणि डोलुटेग्राविरसारख्या एचआयव्हीच्या औषधाने तर तो बहुधा होतच नाही.

विचारले नाही तरी एक सांगतो. नॅलोक्सोन हे हेरॉइनच्या अतिमात्रेवरचे उतारा-औषध घरात ठेवा आणि ते कसे द्यायचे हे शिकून घ्या. अतिमात्रा झालेल्या माणसाचा श्वास मंदावतो, ओठ निळे पडतात आणि हाक मारल्यावर तो प्रतिसाद देत नाही. अशा वेळी नॅलोक्सोन देऊन रुग्णवाहिका बोलवायची आणि ती येईपर्यंत तोंडावाटे श्वास देत राहायचे. नॅलोक्सोनचा परिणाम हेरॉइनच्या आधी उतरू शकतो, म्हणून तो शुद्धीवर आला तरी त्याला एकटे सोडू नका. भावालाही सांगा, की एकट्याने, दार आतून लावून टोचायचे नाही.

प्रतिसाद – जुना वाटसरू

मेथाडोनच्या नावाने गप्प झाला म्हणता, ते मला चांगले लक्षण वाटते. नको असते तर त्याने वाद घातला असता. त्याची हरकत नसेल तर मला खासगी संदेश पाठवायला सांगा. केंद्रात पहिल्या दिवशी काय विचारतात, औषध किती वेळ समोर बसवून देतात आणि पहिले दोन आठवडे कसे जातात, एवढे मी त्याला सांगू शकेन.

प्रतिसाद – सावली

सांगते. सिरिंजा आज आणल्या आहेत, आणि चाचणीची पुढची तारीखही त्यानेच लिहून ठेवली आहे. आईला केव्हा आणि कसे सांगायचे, यासाठी वेगळा धागा काढते.